खेळाच्या पटावरचे गाव

गेल्या अंकात टेबलटॉप वॉरगेमिंगवर, म्हणजे मापातल्या छोट्या मूर्ती, फासे आणि मोजपट्टी घेऊन टेबलावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळावर, लेख आला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांचा रोख सैनिकांपेक्षा त्यांच्या आजूबाजूच्या गावाकडे अधिक आहे. घरे कशी करावीत, कशाने रंगवावीत, पावसाळ्यात कशी टिकवावीत, असे प्रश्न वाचकांनी विचारले आहेत. बहुतेक पत्रे कोल्हापूर जिल्ह्यातली असल्यामुळे अनेकांच्या डोळ्यांसमोर पन्हाळ्याचा १६६० चा वेढा आहे, हे ओघानेच आले. निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आम्ही चार मित्र २८ मिलिमीटरच्या मूर्तींनी खेळतो. पन्हाळ्याच्या पायथ्याचे एखादे गाव उभे करायचे आहे. घरांचे माप काय धरावे? कोणी १:५६ सांगतो, कोणी १:६०, तर कोणी १:४८.
(एक महाविद्यालयीन विद्यार्थी, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : २८ मिलिमीटर हे प्रमाण नाही, ती मूर्तीची उंची आहे, आणि तीही पुष्कळ उत्पादक तळपायापासून डोळ्यांपर्यंत मोजतात, डोक्याच्या टोकापर्यंत मोजत नाहीत. शिवाय टेबलाच्या पलीकडच्या कडेवरूनही ओळखू याव्यात म्हणून अशा मूर्तींची डोकी, हात आणि शस्त्रे मुद्दाम जाड घडवलेली असतात, त्यामुळे एकाच मावळ्याची उंची एका प्रमाणात बसते आणि मनगट दुसऱ्याच प्रमाणात. या वादात पडू नका. तुमच्याकडची एक मूर्ती पुठ्ठ्यावर उभी करा, तिच्या शेजारी पेन्सिलीने दार काढा, ते डोळ्यांना पटेपर्यंत पुसा आणि पुन्हा काढा. ते दार हेच तुमचे माप.

हिशेबासाठी आकडा लागतोच, तर १:५६ धरावा. या प्रमाणात प्रत्यक्षातला एक फूट टेबलावर साधारण साडेपाच मिलिमीटर होतो. आपल्याकडे घर खणांत मोजण्याची रीत आहे आणि ती येथे फार कामाला येते. पाच फुटांचा खण धरला तर तो २७ मिलिमीटरचा होतो; म्हणजे तीन खण लांब आणि दोन खण रुंद असे साधे शेतकऱ्याचे घर सुमारे ८१ बाय ५४ मिलिमीटरमध्ये बसते. मूर्ती १५ मिलिमीटरच्या असतील तर प्रमाण साधारण १:१०० धरतात आणि तेच घर ४६ बाय ३० मिलिमीटरचे होते.

आता एक अडचण, जी बहुतेकांच्या पहिल्या घरात हमखास दिसते. मूर्तीच्या पायाखाली दोन-तीन मिलिमीटर जाडीची चकती असते, त्यामुळे टेबलावर ठेवलेल्या घराच्या दाराशी मूर्ती उभी केली की तिचे डोके चौकटीला लागते. यावर दार उंच करणे हा उपाय नाही, कारण जुन्या घरांची दारे मुळातच ठेंगणी असतात आणि उंच दाराने घर शहरी वाटू लागते. घरच तीन मिलिमीटर जाडीच्या एमडीएफच्या, म्हणजे लाकडी तंतू दाबून केलेल्या फळीच्या, तुकड्यावर बसवावे. मग घराची जमीन आणि मूर्तीचे तळवे एकाच पातळीवर येतात आणि ३३-३४ मिलिमीटरचे दार पुरते. वर आणखी सहा मिलिमीटरचे जोते दिले तर पायरी करायलाही जागा मिळते.

गावाच्या विस्ताराविषयी एक हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा. सहा फूट लांबीचे खेळाचे टेबल १:५६ ने मोजले तर प्रत्यक्षातले जेमतेम शंभर मीटर भरते. एवढ्यात अख्खे गाव मावत नाही. गावाचा एक कोपरा करावा : चार-पाच घरे, एक पार, एक विहीर, एक लहानसे देऊळ. मोठी लढाई मांडायची असेल तर ६ मिलिमीटरच्या मूर्ती घ्याव्यात. तिथे प्रमाण १:३०० च्या आसपास जाते, तीन खणांचे घर १५ मिलिमीटर लांबीचे होते आणि वीस घरांची वस्ती हाताच्या पंजाएवढ्या तुकड्यावर बसते. अशा खेळात जमिनीचे माप मूर्तीच्या मापाहून वेगळे ठेवण्याची पद्धत आहे. चार घरांचा पुंजका म्हणजे एक गाव, असे दोन्ही खेळाडूंनी आधी ठरवलेले असते.

गल्ली ६० मिलिमीटरपेक्षा अरुंद ठेवू नये. २५ मिलिमीटरच्या दोन चकत्या त्यातून शेजारी शेजारी जातात, आणि मुख्य म्हणजे खेळाडूची बोटे घरे न पाडता आत शिरतात. छप्पर उचलता येईल असे करावे, म्हणजे आत बंदूकधारी ठेवता येतात. दिवाळीच्या किल्ल्यावर महाराजांची मूर्ती महादरवाजाहून उंच असते आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही, कारण तिथे मान मूर्तीला असतो. खेळात मात्र दारातून माणूस जातो की नाही आणि भिंतीआडून तो दिसतो की नाही यावर डाव फिरतो, म्हणून तिथे मापाला पर्याय नाही.

प्रश्न : शाळेच्या प्रदर्शनासाठी १६६० मधले गाव आणि त्यावरचा खेळ मांडायचा आहे. माझ्याकडे युरोपातल्या खेड्यांच्या घरांचे लेझरने कापलेले संच आहेत. ते वापरावेत का? त्या काळच्या गावात काय असावे आणि काय नसावे?
(एक शिक्षक, शाहूवाडी तालुका)

उत्तर : सर, संच वापरू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. त्या घरांना धुराडी असतात, भिंतींत उघड्या लाकडांची तिरकी चौकट असते, खिडक्या मोठ्या आणि काचेच्या असतात. हे सगळे काढून टाकल्यावर हाती जे उरते ते पुठ्ठ्यातून नव्याने कापणे सोपे. त्यांची तळाची पट्टी आणि आतली जमीन तेवढी कामाला येईल.

काय नसावे हे आधी सांगतो, कारण चूक तिथेच होते. आज आपण ज्यांना सरसकट जुनी कौले म्हणतो ती मंगळुरी कौले १६६० मध्ये नव्हती. बासेल मिशनचा मंगळूरचा कारखाना १८६५ चा. पन्हळी पत्रा त्याच्या थोडा आधीचा, म्हणजे १८२९ मध्ये इंग्लंडात पेटंट झालेला. गुलमोहर मादागास्करहून आला तो एकोणिसाव्या शतकात. नीलगिरी ऑस्ट्रेलियातली आणि घाणेरी अमेरिकेतली, दोन्ही नंतरच्याच. फड्या निवडुंगही मूळचा अमेरिकेतला असल्यामुळे त्याचे कुंपण या काळासाठी टाळलेले बरे. बाभळीच्या फांद्यांचे किंवा बांबूच्या कामट्यांचे कुंपण करावे, ते रंगवायलाही सोपे जाते. पार्श्वभूमीला जोतिबाचे देऊळ दाखवण्याचा मोह होईल, कारण डोंगर तिथून जवळच आहे. पण आज आपण पाहतो ते मुख्य मंदिर राणोजी शिंदे यांनी १७३० मध्ये बांधवलेले आहे. डोंगर दाखवावा, आजचे शिखर दाखवू नये.

आता काय असावे. जोते दगडी, भिंती मातीच्या, छप्पर गवताचे किंवा उसाच्या पाल्याचे. कुंभाराने हाताने केलेली अर्धगोल नळीची कौले पाटलाच्या वाड्यासारख्या एखाद्या घरावर घालावीत, म्हणजे गावातला मान-मरातब छपरावरूनच कळतो. खिडकी असलीच तर झरोक्याएवढी. घरापुढे सोपा (ओसरी), मागे परडे (परसू), बाजूला गोठा, गोठ्याशेजारी उकिरडा, गवताची गंजी आणि शेणींचा हुडवा. या गोष्टी नुसत्या सजावटीच्या नाहीत. खेळाच्या नियमांत आडोसा, अडथळा आणि पेट घेणारी वस्तू असे प्रकार असतात, आणि गावातली प्रत्येक वस्तू त्यांपैकी कशात तरी मोडते : गंजी पेट घेते, परड्याची मातीची भिंत गोळी अडवते, उकिरड्यातून चाल मंदावते.

हुडवा करायला अगदी सोपा आहे. एक फुटाची शेणी या मापात साडेपाच मिलिमीटरची होते. शाडूच्या बारीक गोळ्या अंगठ्याने चपट्या कराव्यात, एकावर एक उतरत्या रचाव्यात आणि वर पाल्याचे आच्छादन घालावे. जवळून पाहिले तर प्रत्येक शेणीवर बोटाचा ठसा दिसतो. तो ठसा मापापेक्षा मोठा असला तरी खरा वाटतो, म्हणून तो घासून काढू नये.

देवळाशेजारी एक-दोन वीरगळ अवश्य उभे करावेत. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत ते देवळाच्या आवारात किंवा पाराला टेकलेले दिसतात, आणि १६६० मध्येही ते जुनेच होते. तीन फुटांचा वीरगळ १६ मिलिमीटरचा होतो. जाड पुठ्ठ्याची पट्टी कापून वरचे टोक गोलसर करावे, तिचे आडवे तीन-चार कप्पे पाडावेत. खालच्या कप्प्यात लढणारा वीर, त्याच्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवपिंडीची पूजा आणि चंद्र-सूर्य. एवढ्या मापात आकृत्या कोरता येत नाहीत. सुईच्या टोकाने फेविकॉलचे ठिपके देऊन ते वाळू द्यावेत आणि रंग चढवावा. हाताच्या अंतरावरून डोळा उरलेले काम स्वतःच करतो.

विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. महाराज पन्हाळ्यावरून निसटले ती जुलैची, ऐन पावसाळ्यातली रात्र होती. सिद्दी जौहरचा वेढा उन्हाळ्यात सुरू झाला आणि पावसातही चालू राहिला. त्यामुळे एकच गाव दोन ऋतूंत मांडता येते. उन्हाळ्यातल्या डावासाठी जमीन तांबूस आणि कोरडी, गंज्या उघड्या. जुलैच्या डावासाठी भाताची चिखलणी झालेली खाचरे, पावसाच्या बाजूने भिंतींना बांधलेले पाल्याचे आडोसे आणि घोंगडी पांघरलेली माणसे. घरे सुटी ठेवून जमिनीचे तुकडे दोन प्रकारचे केले की काम भागते.

प्रश्न : थर्माकोलचे घर कापून, चिकटवून पूर्ण केले आणि स्प्रेने रंगवताच ते जागोजागी खड्डे पडून विरघळले. असे का झाले?
(एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : स्प्रेच्या डब्यात रंग पातळ ठेवण्यासाठी जे द्रावक असते ते पॉलिस्टायरीन विरघळवते, आणि थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीनच. फेविक्विक आणि रबरी सोल्युशन यांनीही तेच होते. चिकटवायला फेविकॉल घ्यावा. रंगाआधी फेविकॉल, थोडे पाणी आणि काळा किंवा तपकिरी अॅक्रिलिक रंग एकत्र करून सगळ्या पृष्ठभागावर, कापलेल्या कडांवर विशेषतः, दोन हात द्यावेत. मग पाण्यात मिसळणारा कोणताही रंग चालतो. द्रावकाचा स्प्रे त्यावरही शक्यतो मारू नये, कारण एखादी कड उघडी राहिली की आतून पोखरले जाते.

मुळात मण्यांचा थर्माकोल या कामासाठी दुय्यम आहे. कापताना त्याचे मणी सुटतात आणि कडेला धार राहत नाही. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदीही आहे. छताच्या उष्णतारोधनासाठी जी घट्ट, निळी किंवा गुलाबी एक्सपीएस (एक्सट्रूडेड पॉलिस्टायरीन) शीट येते ती वापरावी. तिच्यात मणी नसतात. बॉलपेन दाबून ओढले की दगडांचे सांधे उमटतात, चुरगळलेल्या अॅल्युमिनियमच्या कागदाचा गोळा फिरवला की दगडाचा खडबडीतपणा येतो, आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने ठोकले की जांभ्याची छिद्रे हुबेहूब दिसतात. शीटचा कापून उरलेला तुकडा मागून आणला तरी दोन-तीन घरे होतात. कटरचे पाते मात्र नवे हवे. बोथट पाते शीट कापत नाही, ओरबाडते.

प्रश्न : छपरे काही केल्या जमत नाहीत. गवताचे छप्पर झाडूसारखे दिसते आणि कौले एकेक कापून लावण्याइतका धीर नाही.
(एक निवृत्त कर्मचारी, गडहिंग्लज)

उत्तर : कौलांसाठी पन्हळी पुठ्ठा घ्यावा, पण खोक्याचा जाड पुठ्ठा घेऊ नये. बल्ब किंवा लहान उपकरणे ज्यात येतात त्या बारीक नळीच्या पुठ्ठ्यात एका नळीची रुंदी तीन-साडेतीन मिलिमीटर असते आणि ती १:५६ च्या अर्धगोल कौलांना चांगली जुळते. वरचा कागद ओल्या फडक्याने भिजवून सोलावा. सगळा एकदम निघत नाही, आणि जिथे थोडा चिकटून राहतो तिथे कौल फुटल्यासारखे दिसते, हे आपल्या पथ्यावरच पडते. सोललेल्या पुठ्ठ्याच्या सात-आठ मिलिमीटर रुंदीच्या आडव्या पट्ट्या कापाव्यात आणि वळचणीपासून सुरुवात करून प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीवर दोन मिलिमीटर चढवत आढ्यापर्यंत जावे. नळ्या एका रेषेत ठेवाव्यात. मध्येच एखादी पट्टी किंचित खचलेली बसली तर तशीच राहू द्यावी. आढ्यावर मात्र पट्टी चालत नाही. तिथे कागदाची बारीक नळी गुंडाळून, तिचे तुकडे पाडून, ते उभे चिरून बसवावे लागतात. एवढा धीर धरावा लागेल.

गवताच्या छपराचे झाडूसारखे दिसणे दोन कारणांनी होते : काड्या जाड असतात आणि त्या एकाच थरात लावलेल्या असतात. नारळाच्या शेंडीचा काथ्या पिंजून, विंचरून सरळ करावा आणि बोटभर रुंदीचे चपटे झुपके करून तळापासून वर तीन किंवा चार थरांत फेविकॉलने बसवावेत. प्रत्येक थराची खालची कड वाळल्यावर कात्रीने कापावी, पण अगदी सरळ कापू नये. सगळे वाळल्यावर पाण्यात पातळ केलेला फेविकॉल वरून सोडावा आणि ओले असतानाच जुन्या कंगव्याने खालच्या दिशेने ओढावे. पिंजारलेले तंतू बसतात आणि पाणी ज्या दिशेने निथळेल ती दिशा छपरावर उमटते. शेवटी आढ्याजवळ आणि मध्यावर सुतळीचा एक धागा उलगडून आडवा बांधावा, कारण वाऱ्यापावसाच्या मुलखात छपरे आडव्या बांबूंनी आणि दोऱ्यांनी दाबलेली असतात. त्या एका धाग्याने छपराला वजन येते.

प्रश्न : माझी घरे नीट कापलेली असूनही रंगवल्यावर प्लॅस्टिकच्या खेळण्यांसारखी दिसतात. चांगले, महागडे रंग वापरूनही फरक पडत नाही.
(एक वाचक, कागल)

उत्तर : रंगांच्या दर्जाचा येथे फारसा संबंध नाही. भिंत पांढरी, दार तपकिरी, छप्पर पिवळे, असा प्रत्येक वस्तूला एकेक सपाट रंग दिला की घर खेळण्यासारखे दिसणारच. खऱ्या घराच्या भिंतीवर पाऊस, धूर, शेण, चुना आणि माणसांचे हात यांचे थर असतात, आणि रंगकामातही तेच थर त्याच क्रमाने द्यावे लागतात.

एक भिंत घेऊन सांगतो. घर रंगवण्याच्या साध्या मॅट इमल्शनमध्ये रंगाऱ्यांकडे असतात ते पिवळे आणि तांबडे ऑक्साइड स्टेनर थेंब थेंब मिसळून मातीचा तांबूस तपकिरी रंग करावा. त्यात चिमूटभर चाळलेली वाळू आणि थोडी वॉल पुट्टी घालून भिंतीवर द्यावा. हा झाला लिंपणाचा थर. तो पूर्ण वाळल्यावर चुन्याचा हात. चुन्यासाठी शुद्ध पांढरा वापरू नये. पांढऱ्यात पिवळ्या ऑक्साइडचा एखादा थेंब टाकला की तो भिंतीवर बसतो. हा रंग कोरड्या ब्रशने द्यायचा असतो. चपट्या, राठ ब्रशला रंग लावून तो कागदावर इतका पुसावा की कागदावर जवळजवळ काही उमटू नये, आणि मग भिंतीवरून हलका फिरवावा. उंचवट्यांवर चुना धरतो, खळग्यांत माती दिसत राहते. जमिनीपासून वरचे पाच-सहा मिलिमीटर चुना देऊच नये. वळचणीचे पाणी अंगणात पडून उडते आणि भिंतीच्या पायाशी फूटभर उंचीपर्यंत तांबडे शिंतोडे बसतात. पन्हाळा-शाहूवाडीकडच्या जांभ्याच्या मातीत तर ही पट्टी लांबूनही दिसते. स्पंजाचा लहान तुकडा चिमट्यात धरून, त्याला तांबडा रंग लावून, खालून वर विरत जाईल असे ठोकावे. सोप्यातल्या खांबावर माणसाचा हात लागतो त्या उंचीला, म्हणजे २०-२२ मिलिमीटरवर, तेलकट तपकिरी रंगाचा एक हलका पुसट डाग द्यावा.

त्यानंतर वॉश. तपकिरी आणि काळा रंग एकास आठ-दहा पट पाण्यात मिसळून, भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब टाकावा, म्हणजे पाणी थेंब न धरता सांध्यांत उतरते. हे पाणी दगडी जोत्यावर, दाराच्या चौकटीभोवती आणि कौलांच्या पन्हळांत सोडावे. सपाट भिंतीवर सोडू नये, तिथे वाळताना कडा धरून डाग पडतात. वाळल्यावर उंच कडांवर पुन्हा एकदा कोरडा ब्रश, मूळ रंगापेक्षा थोडा फिका.

गवताच्या छपराच्या बाबतीत जवळजवळ सगळेच पिवळ्या रंगाला भुलतात. गवत पिवळे असते ते शाकारल्यावर काही महिने. मग ते करडे होत जाते, आणि पावसात भिजले की काळपट. काथ्यावर गडद तपकिरी रंग देऊन, कोरड्या ब्रशने राखाडी फिरवावा आणि एखाद्या कोपऱ्यात नवे शाकारल्याचा पिवळा तुकडा ठेवावा. आपल्या घरांना धुराडे नसल्यामुळे चुलीचा धूर छपरातूनच झिरपतो, म्हणून माजघराच्या वर, आढ्याजवळ, काळसर छटा द्यावी. लहान वस्तूवर रंग मूळच्यापेक्षा गडद भासतो, त्यामुळे सगळे रंग मनात असतील त्याहून एक पायरी फिके मिसळावेत.

प्रश्न : आमच्याकडे जूनपासून घरात सगळे दमट असते. गेल्या पावसाळ्यात एमडीएफच्या पाट्या वाकल्या, कागदाच्या लगद्याच्या टेकडीवर बुरशी आली आणि वॉर्निशचा स्प्रे पांढरा पडला.
(एक वाचक, गगनबावडा)

उत्तर : गगनबावड्याच्या पावसाशी भांडण्यात अर्थ नाही, ओले काम मार्च ते मे या काळात उरकावे आणि पावसाळा रंगकामाला ठेवावा.

पाटी वाकते कारण वरच्या बाजूला पाण्याचा फेविकॉल आणि वाळू बसते व खालची बाजू कोरडी राहते. वरचा थर वाळताना आक्रसतो आणि पाटीला ओढतो. काम सुरू करण्यापूर्वी पाटीच्या दोन्ही बाजूंना आणि चारही कडांना ऑइल पेंटचा किंवा वॉर्निशचा हात द्यावा. वाळू लावताना खालच्या बाजूलाही पातळ फेविकॉल फिरवावा, म्हणजे ओढ दोन्हीकडून सारखी पडते. वाकलेली पाटी खालून ओली करून रात्रभर पुस्तकांच्या वजनाखाली ठेवली तर बरीच सरळ होते.

लगद्याच्या टेकडीपेक्षा एक्सपीएस शीटचे उतरते थर कापून केलेली टेकडी उत्तम. तिला बुरशी येत नाही. लगदाच वापरायचा असेल तर तो पिठाच्या खळीत न कालवता फेविकॉलमध्ये कालवावा. जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद घालत, त्याने बुरशी आणि कसर दोन्ही थांबतात. पण मोरचूद विषारी आहे आणि लहान मुले असलेल्या घरात मी तो सुचवणार नाही. वाळू, माती, लाकडाचा भुसा, वाळवलेला चहाचा चोथा यांपैकी जे काही जमिनीवर पसरायचे ते आधी कढईत कोरडे भाजून घ्यावे. ती कढई पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये.

वॉर्निशचा स्प्रे पांढरा पडतो तो हवेतल्या बाष्पामुळे. पावसाळ्यात पाण्यावर आधारित मॅट वॉर्निश ब्रशने द्यावे. पांढुरका थर आधीच बसला असेल तर कोरड्या दिवशी त्यावर चकचकीत वॉर्निशचा पातळ हात द्यावा. पुष्कळदा खालचा रंग परत उजळतो, आणि मग वर पुन्हा मॅट द्यावे. ते चकचकीत वॉर्निश सांभाळून ठेवा, चिखलातली डबकी आणि चाकोरीत साचलेले पाणी त्यानेच दाखवायचे असते.

प्रश्न : माझा बारा वर्षांचा मुलगा या छंदात गढून गेला आहे. कटर, तापलेली तार, स्प्रे ही साधने त्याच्या हाती द्यावीत का? आणि खर्चाला काही मर्यादा आहे का?
(एक आई, ताराबाई पार्क, कोल्हापूर)

उत्तर : ताई, तापलेली तार आणि स्प्रे देऊ नयेत. तारेने पॉलिस्टायरीन कापताना निघणारा धूर घातक असतो आणि ते काम मोठ्या माणसाने गच्चीवर किंवा मोकळ्या अंगणातच करावे. कटर तुमच्या देखरेखीखाली, स्टीलची पट्टी आणि खाली कापण्याची चटई असेल तर हरकत नाही. पाते स्वतःकडे न ओढता आणि एकाच दमात आरपार न कापता, दोन-तीन हलक्या फेऱ्यांत कापायला शिकवावे. घरांसाठी त्याला पुठ्ठा, शाडू आणि फेविकॉल एवढेच द्या. शाडू गणपतीच्या हंगामाआधी बापट कॅम्पातल्या किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतल्या कारागिरांकडे मागितला तर मिळेल, आणि ते हाताने माती कशी ओढतात ते तिथे उभे राहून त्याला पाहता येईल.

खर्च मूर्तींवर होतो, गावावर होत नाही. खोक्यांचे पुठ्ठे, नारळाची शेंडी, सुतारकामातला भुसा, बांधकामावरची चाळलेली वाळू यांना पैसे पडत नाहीत. दोन चांगले ब्रश आणि फेविकॉलचा मोठा डबा एवढे घेऊन द्यावे. तयार घरांचे संच मात्र इतक्यात घेऊन देऊ नयेत. ते जोडायला एक दुपार पुरते आणि मग तो दुसरा मागतो.

प्रश्न : झाडे आणि पिके कशी करावीत? उसाचा फड करायचा आहे, पण त्यात मूर्ती उभ्या कशा करायच्या?
(एक वाचक, जयसिंगपूर)

उत्तर : झाडांसाठी तांब्याच्या बारीक तारा पिळून खोड आणि फांद्या कराव्यात, त्यांवर फेविकॉल, भुसा आणि रंग यांचे मिश्रण द्यावे आणि पानांसाठी रंगवलेला, चुरलेला स्पंज. वड करायचा असेल तर तारांची टोके खाली सोडून पारंब्या कराव्यात आणि त्या पारात रोवाव्यात. पार शंभर मिलिमीटर व्यासाचा ठेवला तर त्यावर आठ-दहा मूर्ती मावतात आणि गावाच्या मध्यभागी लढवण्याजोगी एक जागा तयार होते. झाड पारापासून सुटे निघेल असे बसवावे.

फडाचे म्हणाल, तर नऊ फुटांचा ऊस या मापात ५० मिलिमीटरच्या आसपास येतो. खराट्याच्या काड्यांचे तेवढे तुकडे करावेत, पेरांच्या जागी गडद रंगाच्या बारीक रेघा ओढाव्यात आणि हिरव्या क्रेप कागदाच्या लांब, टोकदार पट्ट्या चिकटवून पाला करावा; खालची पाने वाळलेली, पिवळट असू द्यावीत. अख्खा फड एकाच पाटीवर रोवला तर त्यात मूर्ती उभी राहत नाही. त्यासाठी पाटीवर पट्ट्या न चिकटवता, १५ मिलिमीटर रुंदीच्या आणि दीडशे मिलिमीटर लांबीच्या सुट्या पट्ट्यांवर एकेक सरी करावी आणि दोन पट्ट्यांत ३० मिलिमीटर अंतर ठेवावे, म्हणजे २५ मिलिमीटरची चकती मधून सरकते. सैन्य आत शिरले की तेवढ्या पट्ट्या उचलून बाजूला ठेवता येतात. पट्टीखाली दोन लहान चुंबके आणि पाटीवर पातळ पत्रा लावला तर टेबलाला धक्का लागूनही सरी आडव्या होत नाहीत. पन्हाळ्याच्या पायथ्याचा जुलैमधला डाव असेल तर मात्र उसाऐवजी भाताची खाचरे करावीत : पुठ्ठ्याचे दोन मिलिमीटर उंचीचे बांध, आत तपकिरी रंगावर चकचकीत वॉर्निशचे दोन-तीन हात, आणि लावणीच्या रोपांसाठी जुन्या ब्रशचे हिरवे रंगवलेले केस चिमट्याने ओळीत रोवलेले. दोन ओळींत इथेही ३० मिलिमीटर सोडावेत.